न दाबलेला ब्रेक

२०४६ सालच्या मार्चमधली गोष्ट. कराडच्या शाळेची सौरगाडी दुसऱ्या दिवशी शर्यतीत उतरणार होती आणि ती जुळवणारी शाल्मली पार गोंधळून गेली होती. तिनेच हट्टाने मागचे ड्रम ब्रेक काढून तिथेही पुढच्यासारखे डिस्क ब्रेक बसवले होते. नवे, म्हणजे चांगले! पण एका चार्जमध्ये ऐंशी किलोमीटर जाणारी गाडी आता चौऱ्याहत्तरलाच थांबत होती. शर्यत होती अठ्ठ्याहत्तरची.

"मोटर बिघडली असेल," गाडी चालवणारी जोहरा म्हणाली.

खटक्या नावाच्या त्यांच्या यंत्रमानवाने तपासणी केली. "मोटर ठणठणीत आहे."

शेवटी शाल्मलीने इंदूआत्याला बोलावलं. आत्या ब्रेकवर संशोधन करायची. तिने मागची चाकं जमिनीवरून उचलली आणि एका चाकाला जुना ड्रम परत लावायला सांगितला.

"आता दोन्ही चाकं हाताने फिरव."

डिस्कचं चाक दोन गिरक्यांत थांबलं. ड्रमचं नऊ वेळा फिरलं.

"पण मी ब्रेक दाबलाच नाही!"

"तरी तो घासतोय. यालाच ड्रॅग (गाडीला मागे ओढणारा विरोध) म्हणतात. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा. ब्रेक सोडला, की आतल्या पट्ट्यांना स्प्रिंग मागे खेचते. डिस्क म्हणजे थाळी. तिला दोन पॅड चिमटीत धरतात. सोडल्यावर एक रबरी कडं त्यांना जेमतेम केसभर मागे घेतं. मग पॅड थोडे घासतच राहतात."

शाल्मली आणखीच गोंधळली. "मग लोक डिस्क बसवतात कशाला?"

"घाट उतरताना ब्रेक तापतात. थाळी उघडी, वाऱ्याने गार होते. डब्यात उष्णता कोंडते आणि पकड कमी होते."

"म्हणजे चांगला कोणता?"

"ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार कुठे जातो?"

शाल्मलीने वाकून पुढची चाकं बघितली. "पुढे," ती हळूच म्हणाली. "म्हणजे जास्त तापणार पुढचे. तिथे डिस्कच हवेत. मागे ड्रम चालतील." मग ती जोहराकडे वळली. "माझं चुकलं गं. मी कुणाचं ऐकलंच नाही."

"पाना घे आधी," जोहरा म्हणाली. "चार वाजलेत."

दुसऱ्या दिवशी गाडी रांगत रांगत का होईना, शेवटची रेषा ओलांडून गेली. आठवा नंबर आला.

"आत्या, पॅडनाही मागे खेचणारी स्प्रिंग लावली तर?"

आत्या हसली. "आमच्या प्रयोगशाळेत सध्या त्याच्यावरच डोकं खाजवणं चाललंय. सुट्टीत येतेस?"