भोक बुजलं, तरी डोकं दुखतंय

कण्यातलं भोक बुजलं होतं, तरी आईचं डोकं दुखतच होतं, उलट जास्तच. अन्वयाला हे कोडं सुटेना, आणि बाबांनी तर आशाच सोडली होती. गेलं वर्षभर आई अंथरुणात होती. उठलं की डोकं ठणकायचं, आडवं झालं की थांबायचं. म्हणून घरात एकच नियम होता, आईला उठू द्यायचं नाही. कालच्या उपचारानंतरही बाबांनी तिची उशी काढून घेतली होती.

"शेवटचा उपाय होता तो," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "आता काही उरलं नाही."

शुश्रूषा करणारा यंत्रमानव शहाणे कोपऱ्यात उभा होता. फार सल्ले देतो म्हणून बाबांनी त्याला विचारल्याशिवाय बोलायला बंदी केली होती.

"शहाणे, भोक बुजलं ना? मग असं का?" अन्वयाने रडतच विचारलं.

"पनीर पाण्यात ठेवलं की स्वतःच्या वजनाने चेपत नाही. तसाच मेंदू मेरुद्रवात (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात) असतो. ताईंच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, कण्यातल्या आवरणाला भोक पडलं, पाणी गळलं. उभं राहिलं की मेंदू खाली ओढला जायचा. डॉक्टरांनी ताईंचंच रक्त त्या आवरणाबाहेर सोडलं. ते गोठून ठिगळासारखं बसलं. आता कधी दुखतं, सांग."

पहाटे उलटी आली तेव्हा आई उठून बसली होती. तेवढा वेळच ती कण्हत नव्हती.

"आडवं झाल्यावर," अन्वया म्हणाली.

"क्वचित असं होतं. जादा पाणी बनवून गळती भरून काढायची शरीराला सवय लागलेली असते, असं डॉक्टरांना वाटतं. गळती थांबते, सवय लगेच जात नाही. डोक्यातला दाब वाढतो, आडवं झालं की आणखी वाढतो. डोळ्यांनाही धोका असतो. त्यांना टेकवून बसवा. मी रुग्णालयाला कळवतो, यावर औषध आहे."

बाबांनी उशी परत आणली. "म्हणजे रात्रभर मीच तिला आडवं ठेवलं..." ते म्हणाले.

दोघांनी आईला टेकवून बसवलं. दुखणं गेलं नाही, पण कपाळावरची आठी जरा सैल झाली. अन्वयाचा तरीही विश्वास बसेना. इतक्यांदा फसगत झाली होती.

रुग्णवाहिका रुग्णालयातून निघाली होती. आईला सगळं धूसर दिसत होतं. शेजारी उभ्या लेकीचा खांदा धरायला तिने वर्षापूर्वीच्या अंदाजाने हात पुढे केला, तो दंडाला लागला.

"अगं," ती हळूच म्हणाली, "तू एवढी उंच कधी झालीस?"