खडकावरचे चौघे

वृंदा शेजवळ अंबरनाथ एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होती. बरणीतला नमुना तपासायचा आणि नापास असेल तर तसा शिक्का मारायचा. कुळगावला घरी आली की तेच काम ती कॅसेटींवर करायची. सत्त्याण्णव साल होतं. दर आठवड्याला पॉपची नाहीतर रॉकची नवी कॅसेट बाजारात येत होती आणि एका स्थानिक साप्ताहिकात वृंदा दर गुरुवारी त्यांची सालटी काढत होती.

"शेजवळबाई, लोक आधी तुमच्या शिव्या वाचतात, मग पहिलं पान," संपादक रामभाऊ म्हणायचे.

मार्चमध्ये टपालानं एक कॅसेट आली. बँडचं नाव 'खडक'. कव्हरवर बारवी धरणाकडच्या एका काळ्या कातळावर बसलेली चार पोरं होती, आणि खाली हातानं लिहिलेली नावं : सुकऱ्या, देऊ, जनू, पदू. चौघंही वाडीवरची, कारखान्यात हमाली करणारी असावीत. गाणी मराठीत होती. सुकऱ्याचा आवाज असा होता की वृंदाची आई, सुंदराबाई, भाकरी थापता थापता थांबली.

"कोण गं हा? पोटातनं गातोय."

"ड्रम ऐक ना. नुसते पत्रे बडवतोय," वृंदा म्हणाली.

तिनं लिहिलं : 'पदू नावाचा जो कुणी ड्रमवर बसलाय, त्याला उठवा. या बँडला त्याची गरज नाही.'

दोन आठवड्यांनी दुसरी कॅसेट आली. गाणी तीच होती, पण ड्रम नव्हते. कव्हरवर तिघंच होते. पोरांनी आपलं ऐकलं म्हणून वृंदाला जरा बरं वाटलं. मग तिनं फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. कातळ तोच, सावल्या त्याच. टोकाला बसलेल्या जनूचा डावा हात हवेत अडकला होता, कुणाच्या तरी खांद्यावर टाकावा तसा.

तिनं खणातून पहिली कॅसेट काढली.

तिच्यावरही तिघंच होते. नावंही तीनच. लावून पाहिली, तर ड्रम नव्हते.

"आई, त्या दिवशी यात ड्रम वाजत होते ना?"

"मला तर गाणाराच आठवतो बाई."

वृंदानं स्वतःचं कात्रण काढलं. पदूचं नाव तिथे छापलेलं होतं. सगळ्या घरात फक्त तिथेच.

कुणीतरी आपली मस्करी करतंय, कॅसेट बदलतंय, असं तिनं ठरवलं. शंका आली की नमुना पुन्हा तपासायचा, ही तिची सवय. तिनं मुद्दाम, दात खाऊन लिहिलं : 'जनूचा बास म्हणजे ओझं आहे आणि देऊच्या गिटारला गंज चढलाय. दोघांनाही घरी पाठवा.'

तिसरी कॅसेट दहाव्या दिवशी आली. कातळावर सुकऱ्या एकटा होता. तो मधोमध नव्हता, एका कडेला होता, तिघांना जागा ठेवून बसल्यासारखा. गाण्यांत वाद्यच उरलं नव्हतं. दोन ओळींच्या मध्ये तो नुसता थांबायचा, कुणीतरी वाजवून संपवायची वाट पाहत.

त्या रविवारी सकाळी दारात एक बाई उभी राहिली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायाला धूळ. रामभाऊंनी पत्ता दिला म्हणाली. नाव नवसी. बारवीकडच्या वाडीवरून चालत आली होती. सुंदराबाईनं तिला पाणी दिलं. तिनं ते प्यायलं नाही. कनवटीतून एक घडी घातलेला कागद काढून वृंदापुढे धरला. पहिलं कात्रण होतं ते.

"भाताच्या कणगीत गावला. मना वाचता येत नाय. मास्तरनी वाचून दाखवला. बाय, यो पदू कोन?"

वृंदानं कात्रणावरची नजर काढून घेतली.

"माझ्या घरात तिघाच मानसा. पन मी भात चौघांचा शिजवतंय. रोज उरतंय. मास्तरनी ह्या नाव वाचला, तवापासना छातीत दुखतंय. तू लिवलास ना? मंग सांग, कोन यो?"

"मला माहीत नाही," वृंदा म्हणाली.

नवसीनं कागद परत घडी करून कनवटीला लावला. "तुला ठाव हाय," एवढंच म्हणाली आणि उन्हात चालू लागली.

"तोंडावर खोटं बोललीस तू," सुंदराबाई म्हणाली. त्या दिवशी ती लेकीशी पुढे बोलली नाही.

वृंदानं दुपारीच लिहायला घेतलं. चौघांची नावं लिहिली. पदूच्या हातात ताकद आहे, जनू आणि देऊवाचून हे गाणं पांगळं आहे, मी चुकले, चौघंही हवेत. रामभाऊंनी तोंड वाकडं केलं. "एकाच गवयाची कॅसेट आहे ना ही? बाकीचे कोण काढलेत?" तरी गुरुवारी त्यांनी ते छापलं.

चौथी कॅसेट शनिवारी आली. कव्हरवर फोटो नव्हता, नावही नव्हतं. वृंदानं दुपारच्या उजेडात ती लावली. आत सुंदराबाई सुकट निवडत होती आणि शेजारच्या तुळशीवरून काल झालेल्या भांडणाचं काहीबाही सांगत होती. अबोला कधीच सुटला होता.

बराच वेळ नुसती खरखर. मग सुकऱ्याचा आवाज. तो गात नव्हता. वाचत होता, अक्षर लावून, मास्तरसमोर वाचावं तसा.

"कुळगावचं घर. खोल्या दोन. उजेड चांगला. लेक लिहिते बरी."

पान उलटल्याचा आवाज आला.

"आत एक बाई सारखी बोलते. सुंदराबाई नावाची. तिचा सूर..."

वृंदानं बटण दाबलं. कॅसेट थांबली.

आतलं बोलणंही थांबलं होतं.

"आई?"

ती आत गेली. ओटा पुसलेला होता. सुकट नव्हती, तिचा वासही नव्हता. फळीवर एकच ताट होतं.

तिनं मागचं दार उघडलं. दोरीवर कपडे वाळत होते. सगळे तिचेच होते, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मध्ये कुठेही जागा सुटलेली नव्हती.