जलालभाईच्या हातचे नट

सरका रे पोट्टेहो, शेकोटीजवळ या. नयन, तू मधात बस. मागून कोणी खांद्यावर हात ठेवला तर पहिली पँट तुझीच ओली व्हायची. सलोनी, तो मोबाइल उलटा ठेव. भुताला उजेडाचं काही नसते, माझे डोळे दुखतात.

ही गोष्ट ज्याच्यासोबत घडली तो इमरान माझ्या चांगल्या ओळखीचा. पांढरकवड्याच्या जलाल मिस्त्रीचा पोरगा. ते लोक घरात हिंदी बोलतात. मले हिंदी फर्डी येते, पण तुमची अडचण होईल म्हणून आपल्याच बोलीत सांगतो.

गेल्या डिसेंबरातली अठरा तारीख, गुरुवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या. इमरान व्हॅन घेऊन बोरी अरबला गेला होता, बहिणीला आणायला. नुजहत तिचं नाव. बाप गेल्यापासून ती माहेरी आलीच नव्हती. बाळंतपणही सासरीच उरकलं. म्हणायची, अब्बाची रिकामी खाट पाहवत नाही. किती दिवसांनी तयार झाली, म्हणून इमरान त्याच दिवशी निघाला. तिचं मन पलटलं तर काय घ्या.

आता जलालभाई कोण ते ऐका. गाड्यांचा डॉक्टर म्हणा, पण डॉक्टर रोगी आल्यावर पाहतो, हा आधीच जाऊन धरायचा. उन्हाळ्याच्या आधी रेडिएटर, पावसाच्या आधी वायपर अन् ब्रेक, थंडीच्या आधी बॅटरी, असा त्याचा सालाचा फेरा. दसऱ्याला लोक चाकाखाली लिंबू ठेवत, तर हा त्याच दिवशी चाकाखाली शिरायचा. "लिंबू ब्रेक लावत नसते, बाबू," म्हणायचा. बबनराव नावाच्या एका गाडीमालकानं एकदा गाडीपुढं नारळ फोडला. जलालभाईनं आधी खोबरं खाल्लं, मग सांगितलं, "मालक, क्लच गेला हाय."

चाकाचे नट कसायची त्याची तऱ्हा न्यारी होती. अंगात ताकद उरली नव्हती, म्हणून पान्ह्याच्या दांड्यावर दोन्ही पाय देऊन उभा राहायचा, हात टपाला, अन् अंगाचा एक झोका द्यायचा. गाडी त्या बाजूनं जराशी दबायची अन् वर यायची.

आदल्या वर्षीच्या जूनमध्ये त्यानं घरच्या व्हॅनचं काम काढलं. ब्रेक केले, चारी चाकं कसली, हात धुतले, जेवला, झोपला. सकाळी उठलाच नाही.

तेव्हापासून इमरानचं एकच. त्या नटांना कोणी पान्हा लावायचा नाही.

गॅरेज आता भावसिंग चालवतो. जलालभाईचाच चेला. तो महिन्या-महिन्याला सांगायचा, "इमरानभाई, ब्रेक बोंबलून राह्यले. चाकातले लायनर घासले असन. चाक काढू दे मले."

"ऑइल पाह्य. हवा भर. बॅटरी पाह्य. चाकाले हात नको लावू."

"नट हाय का ताजमहाल हाय?"

"अब्बानं कसले ते. शेवटचे."

मग भावसिंग पान्हा ठेवून हवा भरायला घ्यायचा.

तुम्ही हसून राह्यले. हसा. मीही हसलो होतो. पण रात्री कधीमधी इमरान अंगणात चाकाजवळ उकिडवा बसायचा अन् नटावरून बोट फिरवायचा. बायको, आरिफा, खिडकीतून पाहायची.

तर बोरी अरबला जेवणं झाली. नुजहतच्या सासूनं डबे बांधले, बाळाची काजळ-तीट झाली, अन् निघता निघता साडेनऊ वाजले. यवतमाळ मागं पडलं. पुढं सागाचं जंगल. प्रत्येक वळणावर चाकं किंचाळायची.

"भाईजान, गाडी काहून रडून राह्यली?"

"थंडीनं."

"अब्बा असते त थांबवली असती."

इमराननं रेडिओ लावला. रेडिओला काही लागलं नाही. बंद केला.

बारा वाजून दहा मिनिटं. तिथं एक लंबा उतार आहे, खाली नाल्यावरची मोरी, मोरीनंतर वळण. इमराननं ब्रेकवर पाय दिला.

पाय सरळ खाली गेला.

पुन्हा दिला... काही नाही. गियर पाडला. गाडी गुरगुरली, पण थांबेना. नुजहतनं बाळ छातीशी घेतलं अन् त्याच्यावर वाकली. ओरडली नाही. इमराननं हँडब्रेक ओढला, स्टेअरिंग मोरीच्या अलीकडं मातीत घातलं. धूळ उडाली. गाडी मुरमाच्या ढिगाला टेकून उभी राहिली.

बाळ रडायला लागलं तेव्हा त्याला कळलं की तिघंही जिवंत आहेत.

मोबाइलला रेंज नाही. त्यानं लाइट बंद केले, काचा चढवल्या. नुजहतनं बाळाला पुन्हा नीट गुंडाळून घेतलं.

"भावसिंगनं तुले सांगतलं होतं ना?"

"हो."

"मंग?"

"नट खोलले असते त... अब्बाचं काय राह्यलं असतं आपल्याजवळ?"

"मी राह्यली असती, भाईजान. हे राह्यलं असतं." तिनं बाळाकडं पाहिलं. तोंडावर पदर घेऊन रडली, आवाज न करता, अन् रडता रडता बाळासोबत झोपली.

इमरान जागा. पायाशी थंडी. काचेवर वाफ.

नयन, मागं पाहू नको. अजून काही झालं नाही.

आवाज आला तो गाडीच्या खालून.

घासल्याचा. मातीवर कापड घासावं तसा. कोणी उताणं होऊन, टाचांनी रेटत, हळूहळू आत सरकावं तसा.

मग थांबला.

कोल्हं असन, इमरान मनात म्हणाला. रानडुक्कर असन.

खालून कोणी खोकलं.

कोरडा खोकला. दोनदा. मग एक लंबा श्वास... काम करताना बिघाड दिसला की माणूस सोडतो तसा.

इमरानच्या मानेवर काटा आला. ओठ हलले.

"अब्बा?"

काही नाही.

पुन्हा घासणं. बाहेर सरकणं. मग शांत. इतकं शांत की बाळाचा श्वास ऐकू येत होता.

मग गाडी डावीकडून दबली.

जराशी. अन् वर आली.

किर्र...

पुन्हा दबली. किर्र...

नुजहत झोपेतच कूस वळली. बाळ मात्र उठलं होतं. डोळे उघडे. रडत नव्हतं.

एका चाकाकडून दुसऱ्याकडं. मागच्या चाकाकडं. तिथून फिरून उजवीकडं. शेवटी इमरानच्या दाराला लागून. काचेपलीकडं नुसता अंधार, पण टपावर, अगदी त्याच्या डोक्याच्या वर, कोणाच्या तरी हाताचा भार पडला. पत्रा चरचरला.

इमराननं दाराच्या कडीवर हात ठेवला.

कडी ओढायला काय लागते? एक बोट. त्यानं ओढली नाही. पुढं मले सांगताना तो म्हणाला, "चाचा, भेव नव्हतं वाटलं. पण मी दार उघडलं अन् तिथं कोणी नसलं त?"

त्यानं कडीवरचा हात काचेला लावला. नुसता लावून ठेवला.

गाडी शेवटची दबली. वर आली.

मग काही नाही. पहाटेपर्यंत काही नाही.

उजाडल्यावर एका ट्रकवाल्याजवळ निरोप दिला. नऊच्या सुमारास भावसिंग आला. सोबत लंबा लोखंडी पाइप. दीड वर्षाचा गंज, पान्ह्याला पाइप जोडल्याशिवाय नट हलणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

पान्हा लावायच्या आधी त्यानं सवयीनं बोटानं नट चाचपला. नट फिरला.

दुसरा. तोही फिरला. तो चारी चाकं फिरून आला. चाक काढायच्या आधी मिस्त्री करतो, तसे सगळे एकेक आटा ढिले.

"कोणं खोलले?"

इमरान चाकाजवळ गेला. खाली बसला अन् आपल्या हातानं नट काढू लागला. एक निघाला की नुजहतच्या ओंजळीत ठेवायचा. दोघंही रडत होते, काम थांबत नव्हतं.

"रस्त्यानं हालून ढिले झाले असन," भावसिंग म्हणाला. पण त्याचं त्यालाच पटलं नाही. इतके ढिले नट घेऊन गाडी उतरली असती, तर चाक मोरीत अन् माणसं झाडावर गेली असती.

लायनर बदलले, नवं ऑइल भरलं, चाकं चढवली. या वेळी नट इमराननं कसले. मग सगळ्यांनी ढकलून गाडी रस्त्यावर घेतली.

गाडी जिथं उभी होती तिथं माती मऊ होती, पिठासारखी. त्या मातीत एक माणूस उताणा उमटला होता. पाठ, खांदे, डोक्याचा खळगा, दोन टाचा. आत जायची पावलं नव्हती. बाहेर यायचीही नव्हती.

डोक्याच्या खळग्यात, दोन्ही कानांखाली येईल तिथं, माती ओली होती.

भावसिंगनं बोट टेकवलं, हुंगलं, जिभेला लावलं.

तेल नव्हतं. खारट होतं.