गुरुवारचं गिऱ्हाईक

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या काखेत एक लांबलचक फळी होती आणि कोपराला ताजं खरचटलेलं होतं.

प्रांजलनं आधी कोपर पाहिलं, मग फळी, मग चेहरा... आणि चेहऱ्यावर नजर जरा जास्तच रेंगाळली म्हणून ती घाईघाईनं पुन्हा फळीकडं वळली. खोटं कशाला बोला, पोरगा दिसायला बरा होता! सावळा, शिडशिडीत, अंगात कंपनीचा निळा शर्ट. आता हा तोंड उघडणार आणि 'मालक कुठंयत?' म्हणून विचारणार, हे तिला पाठ होतं. शिरूरच्या बाजारपेठेतल्या या बेअरिंगच्या दुकानात ती बारावीनंतर चार वर्षं बसत होती. कुठल्या मोटरला कुठलं बेअरिंग लागतं ते तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण विचारतंय कोण? येणारं गिऱ्हाईक तिच्या डोक्यावरून आत बघायचं आणि तिच्या वडलांना, सोपानरावांना शोधायचं. सोपानराव दर गुरुवारी केंदूरच्या मळ्यात शेवंतीची तोडणी बघायला जायचे. मग गिऱ्हाईक 'उद्या येतो' म्हणून पाठ फिरवायचं, आणि प्रांजलच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

या पोरानं खिशातून एक गंजकं, बोटाच्या पेराएवढं बेअरिंग काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"असली आठ पायजेत," तो म्हणाला. "पण कसली घ्यावी ते मला कळत न्हाई. तुम्ही सांगाल का?"

प्रांजलनं मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं. म्हणजे हा तिलाच विचारत होता!

"सहाशे आठ नंबर," ती म्हणाली. "मिक्सरला का ग्राइंडरला?"

"ह्याला." त्यानं फळी काउंटरवर उलटी ठेवली. खाली चार जाडजूड चाकं.

मग सगळी कथा बाहेर आली. नाव रविराज. गाव खुटबाव, दौंड तालुका. रांजणगावच्या एका कंपनीत फिटर, राहायला इथंच शिरूरला खोली करून. कंपनीतला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना ही फळी सामानात मावेना, म्हणून त्याला देऊन गेला, सोबत सुट्या भागांचा एक डबा. लाँगबोर्ड म्हणतात याला. वर उभं राहायचं, एका पायानं रेटायचं आणि सुटायचं. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, एमआयडीसीचे रुंद रस्ते ओस पडलेले असतात. तिथं हा एकटा जायचा.

"एवढं मोठं होऊन खेळण्यावर उभं ऱ्हाता?" प्रांजलनं विचारलं.

"एकदा उभं ऱ्हाऊन बघा, आन् मग बोला."

तिनं दोन बेअरिंगं समोर ठेवली. एकाला पत्र्याची झाकणं, दुसऱ्याला रबराची. रविराजनं पत्र्याचं उचललं, बोटावर धरून टिचकी मारली. ते गरगर फिरत राहिलं. रबराचं दोन गिरक्या घेऊन थांबलं.

"हेच द्या की! कसलं पळतंय बघा."

"बोटावर नाचणाऱ्यावर भाळू नका," प्रांजल म्हणाली आणि तिनं जीभ चावली. "म्हंजी... बेरिंगचं बोलतीय मी."

"मी बी बेरिंगचंच ऐकतोय," तो गालात हसला.

"बोटावर वजन कुठं हाय? तुम्ही वर उभं राहिल्यावर कसं फिरतंय ते खरं. आन् आता गाळप सुरू झालंय. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, धूळ, चिखल. पत्र्याच्या फटीतनं सगळं आत जाणार आन् पंधरा दिवसांत ह्याचं असलंच गंजकं होणार. रबराचं घ्या. कमी नाचंल, पण टिकंल."

"किती?"

"वरीसभर तरी मरण न्हाई."

रविराजनं खिशातून छोटी वही काढली आणि ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं! आठ बेअरिंगं घेऊन, मान लववून तो गेला. प्रांजल कितीतरी वेळ दाराकडं बघत राहिली. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई, वर्षभर टिकणारं दिलंस की गं! आता तो वर्षभर कशाला येतोय इकडं? प्रामाणिकपणा एखाद्याच्या अंगाशी येतो तो असा.

पण पुढच्या गुरुवारी तो हजर. दुसरं कोपरही फुटलेलं.

"बेरिंगं एकदम झकास हायत," त्यानं आधीच सांगून टाकलं. "तक्रार त्याची न्हाई. वळणावर फळी वळतच न्हाई बघा. सरळ जाऊन झुडपात."

त्यानं डबा उघडला. चाकांचा जो आस फळीखाली बसतो त्याला लाँगबोर्डवाले ट्रक म्हणतात. डब्यात आणखी एक जोडी निघाली. फळीला लावलेली जोडी अरुंद होती, डब्यातली रुंद, आणि तिचं किंगपिन, म्हणजे मधला जाड बोल्ट, बाहेरच्या अंगाला झुकलेलं. प्रांजलनं व्हर्नियर काढला. फळीची रुंदी घेतली, दोन्ही आस मोजले.

"रुंद जोडी लावा," ती म्हणाली. "मग चाकं फळीच्या कडेला कडा लावून बसतील. अरुंद आसावर जरा भार कडेला गेला की फळी कलंडणार. आन् हे किंगपिन बघा, असं बाहेर झुकलंय म्हंजी वळताना हिसका न्हाई बसणार, सावकाश झुकंल." मग तिनं जुन्या आसाचा नट बोटानं चाचपला आणि तिला हसूच आवरेना. "फिटर ना तुम्ही? नट दिसला की आवळला!"

"सैल कसा सोडायचा? हातच न्हाई ऐकत."

"आतलं रबर पार चेपून टाकलंय. चेपलेलं रबर वळू देतंय व्हय? चाकाचे नट बी शेवटपर्यंत पिळलेत. अर्धा आटा मागं घ्या. सगळंच आवळून चालत न्हाई."

"ऐकलं," तो म्हणाला, आणि पुन्हा वही काढली.

"वजन किती तुमचं?"

"आँ?"

"रबर निवडायचंय हो! हलक्या माणसाला मऊ, जड माणसाला कडक."

"एकसष्ट."

"जेवायच्या आधी का नंतर?"

तो असा खळखळून हसला की समोरचा चहावाला डोकावून गेला. सुपरवायझरला विचारून त्यानं कंपनीतल्या लेथवर पीयूचे बुश, म्हणजे ती आतली रबरं, उतरवून आणले, प्रांजलनं सांगितलं तसे, नव्वद कडकपणाचे नाही, ऐंशीचे, जरा मऊ. ती सांगायची, तो करून बघायचा आणि पुढच्या गुरुवारी येऊन खरं खरं सांगायचा. कधी तिचं चुकलेलं असायचं, तेही सांगायचा. म्हणायचा, "मागलं रबर जरा कडक पायजे हुतं, उतारावर शेपूट हलवतंय." तिला राग यायचा नाही. आपल्या शब्दावर कुणी विश्वास टाकून उतारावरनं सुटतं, आणि चुकलं तर परत आपल्यालाच विचारायला येतं, याचं तिला इतकं अप्रूप वाटायचं की शटर लावताना ती उगाच हसायची.

एकदा एका चाकातून बारीक घरघर येत होती. प्रांजलनं लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक आसाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि हातानं चाक फिरवलं.

"आतल्या बाजूचं. रबर फाटून खडा गेलाय."

"असं ऐकू येतंय? मला बी ऐकवा."

मूठ एकच आणि कान दोन. तो वाकला. त्याच्या केसांना साबणाचा वास होता... तिनं चाक फिरवलं.

"आलं का ऐकू?"

"न्हाई. दुसरंच धडधडतंय कायतरी."

"बेरिंगकडं लक्ष द्या!" ती म्हणाली खरी, पण कानाची पाळी लालबुंद झाली होती.

ते बेअरिंग बदलून झाल्यावर, त्याच दिवशी ती पहिल्यांदा फळीवर चढली. दुकानातच, दोन मांडण्यांच्या मधल्या बोळात.

"हात धरू का?" त्यानं विचारलं.

"विचारता काय! पडंन ना मी!"

त्यानं धरला. फळी हळूच पुढं सरकली. टाचा दाबल्या की एकीकडं, चवडे दाबले की दुसरीकडं, वळणाच्या पाटानं पाणी जावं तशी. चारच पावलांचं अंतर, पण प्रांजलला वाटलं, असंच जात राहावं... कुठंही. बेअरिंगचा आवाज येत नव्हता. तिनंच निवडलेली होती ती.

आणि नेमकं तेव्हाच पाटसचं स्थळ आलं.

मुलगा साखर कारखान्याच्या ऑफिसात, घर पक्कं, ऊस बारा एकर. धुरपदाबाई, म्हणजे प्रांजलची आई, हरखून गेली होती. "राणीवाणी राहशील, बाई. काउंटरवर बसायचं न्हाई का त्या काळ्या तेलात हात घालायचा न्हाई. त्यांनी आधीच सांगितलंय, सुनेनं दुकानबिकान चालवलेलं आमच्यात चालायचं न्हाई."

दुकान जाणार होतं. गुरुवार जाणार होता. आणि ज्याच्यासाठी 'नको' म्हणावं, त्यानं अजून एक शब्द काढलेला नव्हता. तिनं तरी कुठं काढला होता?

पाहुणे गुरुवारीच यायचे ठरले, दुपारी चारला. सोपानराव त्या दिवशी मळ्यात गेले नाहीत, काउंटरवर बसले. प्रांजल आत माल लावत होती. अकराच्या सुमारास ओळखीचा आवाज आला आणि तिच्या हातातलं खोकं तसंच राहिलं.

"प्रांजल हायत का?"

"मी मालक," सोपानराव म्हणाले. "बोला, काय पायजे?"

"तुमच्याकडं न्हाई, आप्पा. त्यांच्याकडं काम हाय. बेरिंगचं."

"पंचवीस वर्षं दुकान चालवतोय मी!"

"व्हय. पण ह्यातलं त्यांनाच कळतंय."

सोपानरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. एवढ्या वर्षांत असलं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. प्रांजल बाहेर आली. काष्ट्याची पातळं नेसणाऱ्या आज्या म्हणायच्या, वेळ गेल्यावर बोलून उपयोग नाही. ती वेळ हीच होती, आणि तिनं ती दवडली नाही.

"आप्पा, पाटसच्या पाहुण्यांना नको म्हणा."

"काय बोलतीस?"

"मला दुकान सोडायचं न्हाई. आन्..." तिनं रविराजकडं बघितलं. "आन् ह्यांना बी सोडायचं न्हाई."

रविराजच्या हातातून फळी निसटली आणि घरंगळत थेट सोपानरावांच्या पायाशी गेली. दुकानामागच्या घरातून धुरपदाबाई धावत आल्या. "अगं, पोहे भिजवलेत मी! आन् हे काय मधीच?"

"गाव कुठलं?" सोपानरावांनी विचारलं.

"खुटबाव. आबांची आधी मेंढरं हुती, आता ऊस हाय."

"म्हंजी धनगराचं. आमी माळी. भावकी काय म्हणंल?"

"आमची बी म्हणंलच की, आप्पा."

"उद्या हिला दुकानात बसू देशील?"

रविराजनं जरा विचार केला. "मी कोण बसू देणारा? त्या बसत्यातच की."

सोपानरावांनी फोन जवळ ओढला. म्हणाले, "पाटसला नुसतं 'थांबा' म्हणून कळवतो. 'नको' म्हणत न्हाई अजून. तुझ्या आबांना घेऊन ये. ते काय म्हणत्यात त्यावर बघू."

तो गेला, आणि प्रांजलचे दिवस कसे गेले ते विचारू नका. आबा तापट आहेत, हे रविराजनंच कधीतरी सांगितलं होतं. एक गुरुवार गेला, कुणी आलं नाही. पाटसहून दोनदा फोन आला. धुरपदाबाई म्हणाल्या, "बघ, मी सांगत नव्हते?" प्रांजल शटर उघडायची, लावायची आणि मधल्या वेळात रस्त्याकडं बघत राहायची.

दुसऱ्या गुरुवारी दुपारी दारात टेम्पो थांबला. पुढं पागोटं घातलेला उंच म्हातारा, मागं रविराज. आणि दोघांनी मिळून खाली उतरवली ती मिठाई नव्हे, नारळ नव्हे, चिखलानं माखलेली विहिरीवरची पाण्याची मोटर!

सोपानराव उठून उभे राहिले. "या, आबा. बसा."

आबा बसले नाहीत. मोटर दुकानाच्या मधोमध ठेवून ते सरळ प्रांजलसमोर गेले.

"पोरी, ही आठ दिस झालं कण्हतीया. ऊस पाण्याला आलाय. वायंडिंगवाला म्हंतो, दोन्ही बेरिंगं गेली, सगळी खोलावी लागंल. ह्यो माझा पोरगा म्हंतो, आधी तिला दाखवा. बघ बरं."

प्रांजलनं ओढणी खोचली आणि खाली बसली. दांडा हातानं फिरवला, वरखाली हलवून पाहिला, कान लावला. धुरपदाबाईसुद्धा दारात थबकल्या होत्या. खोटं बोलणं सोपं होतं. दोन्ही गेली म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"पुढचं गेलंय, आबा," ती म्हणाली. "मागलं अजून चांगलं हाय. ते कशाला बदलायचं? एवढं एकच टाकू."

आबांनी तिच्याकडं बघितलं, मग सोपानरावांकडं.

"आप्पा, मी जलमभर मेंढरं घेऊन गावोगाव हिंडलो. दुकानदार लई बघितलं. दोन म्हनायच्या जागी एक म्हननारं न्हाई बघितलं." त्यांनी पागोटं सावरलं. "माझ्या पोराला उतारावरनं पडता पडता हिच्या सल्ल्यानं वाचीवलं, त्ये बी त्यानं सांगितलंय. उपकार हायत आमच्यावर. लोकं काय बोलायची ती बोलू द्या. माझ्या घरात इतकं खरं बोलणारं मानूस पायजे. देताल का?"

सोपानरावांचे डोळे भरून आले होते, ते लपवायला त्यांनी हातात कापसाचा बोळा घेतला आणि स्वच्छच असलेले हात पुसत राहिले.

"मला नगा विचारू, आबा," ते अखेर म्हणाले. "तिला विचारा."

सगळे तिच्याकडं वळले. प्रांजलचे हात ग्रीसनं काळे, कपाळावरही एक पट्टा उमटलेला. तिला रडू येत होतं, हसूही येत होतं, आणि ज्या कुणा गोऱ्या माणसाच्या सामानात एक फळी मावली नव्हती, त्याला मनोमन हात जोडावेसे वाटत होते.

"व्हय," ती म्हणाली. "पण आधी मला मोटर जोडू द्या, आबा. तिकडं ऊस वाळतोय."