सवयपुसणी

ऋतुजाची नोकरी मोठी विचित्र. कामात ती तरबेज झाली, तर तिला काढून टाकणार! 'घरहाट' या ऑनलाइन दुकानात ती 'नवखी' होती. दुकानात आयुष्यात पहिल्यांदाच आल्यासारखी रोज खरेदी करायची आणि कुठे अडखळायला झालं ते सांगायचं. पैसे भरायचं बटण सापडत नाही, पत्ता बदलायला गेलं की निवडलेल्या वस्तूच गायब होतात, असल्या गोष्टी. मग इंजिनिअर त्या दुरुस्त करायचे.

आता कोणी म्हणेल, यात कसली आलीय नोकरी? अहो, पण माणूस नवखा राहतो किती दिवस? दाराची कडी जाम असली, तरी आठवड्याभरात घरच्यांचा हात ती हिसडा देऊन उघडायला शिकतो. ती जाम आहे हे कळतं फक्त पाहुण्याला. दुकानाला हवा होता कधीच घरचा न होणारा पाहुणा.

म्हणून निघाली सवयपुसणी. दर शनिवारी डोक्यावर टोप चढवायचा आणि मेंदूत सवयी जिथे मुरतात, तेवढाच भाग हलक्या विजेने मोकळा करायचा. आठवणी शाबूत, अंगवळणी पडलेलं तेवढं पुसलेलं. सोमवारी ऋतुजा पुन्हा कोरी करकरीत! दुकानाची विक्री अशी वाढली की विचारू नका.

घरी मात्र तिच्या नवऱ्याची, तन्मय शेवाळेची, झोप उडाली होती. आधी चहाच्या डब्यासाठी तिचा हात भलत्याच फळीवर जायला लागला. मग ती त्याला अहो-जाहो करू लागली. परवा जेवताना तो नेहमीसारखा म्हणाला, "गप गं, तुला काय कळतंय!" तर तिने हातातला घास खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "हे तुम्ही रागाने बोललात, की तुमची बोलायची पद्धतच आहे?"

बारा वर्षं तो हेच म्हणत आला होता आणि ती मुकाट जेवत आली होती.

दुसऱ्याच दिवशी त्याने डॉ. आश्लेषा रेगेंना गाठलं. टोप त्यांनीच बनवलेला.

"डॉक्टर, माझी बायको मला विसरली हो!"

"छे! लग्नाची तारीख विचारा, तुमची आवडती भाजी विचारा, घडाघडा सांगेल."

"मग परक्यासारखी का वागते? तुमच्या टोपाने तिचं प्रेम पुसलं!"

"शेवाळे, चूक आमची आहे. दुकानाची सवय आणि घराची सवय मेंदू वेगवेगळी ठेवत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. पण प्रेमाची जागा निराळी. ती आम्ही तपासली, तिथे काहीच गेलेलं नाही. आमच्याकडची दुसरी एक नवखी तर नवरा फाटकाशी दिसला की कामं टाकून धावत सुटते."

"आणि ऋतुजा?"

"तिचं जे होतं, ते तसंच आहे."

तन्मयला काय ते कळलं. बारा वर्षं बायकोने आपल्याला नुसतं सवयीने चालवून घेतलं, हे ऐकायला कोणत्या नवऱ्याचं काळीज घट्ट असतं?

त्याने आठवडाभर जंग जंग पछाडलं. टीव्ही बंद करून तिचं बोलणं ऐकलं, तिचं ताट आधी वाढलं. ती दरवेळी "थँक यू" म्हणायची, हॉटेलातल्या वेटरला म्हणावं तसं. शेवटी शनिवारी सकाळी तो रडकुंडीला आला.

"ऋतू, सोड गं ती नोकरी! टोप बंद झाला की वर्षभरात सगळं पहिल्यासारखं होईल म्हणतात. तुला परत माझी सवय होईल."

तिने त्याच्याकडे पाहिलं. वाईट तिलाही वाटत होतं, पण समोरचा अनोळखी माणूस रडताना वाटतं तेवढंच.

"त्याचीच तर भीती वाटते हो," ती म्हणाली. "मग तुम्ही मला काहीही बोललात, तरी मला काहीच वाटणार नाही."

तिने पर्स उचलली आणि ती टोप घालायला निघाली.