शेजारच्या खाटेवरची लापशी

प्रयोगशाळेतून कागद आला तेव्हा वॉर्डाची डॉक्टर तावोंगा चहा पीत होती. तिने तो दोनदा वाचला आणि कप तसाच ठेवून वॉर्डाकडे निघाली.

कागद लायफोर्डच्या तपासणीचा होता. त्याला बुरशीचा मेंदूज्वर झाला होता. शिरेतलं औषध अगदी वेळेवर चाललं होतं, तरी पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातली बुरशी आठ दिवसांपूर्वी होती तितकीच होती. असंच चाललं तर माणूस हातचा जाणार, हे वॉर्डाच्या डॉक्टरला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

नवल म्हणजे लायफोर्ड खुशीत होता. नजर अंधूक झालेली, पण डोकं कमी दुखत होतं. झोप उडाली होती आणि भूक वखवखली होती.

"कसं वाटतंय?"

"झकास, डॉक्टरीणबाई. अख्खी बकरी आणा, संपवतो."

तिने बोट टोचून साखर पाहिली. चढलेली होती. त्याला मधुमेह नव्हता. याला कोणीतरी स्टेरॉइड देतंय, असं तिच्या मनात आलं.

संशय सरळ काचिंग्वेंवर गेला. मेंदूला सूज आली की स्टेरॉइड, असं हे थोरले डॉक्टर तीस वर्षं करत आले होते. बुरशीच्या रोग्यांना ते द्यायचं नाही असा फलक लागला, तेव्हा ते चार दिवस फुरंगटून बसले होते.

"तुम्ही दिलंत?"

"डोकं फिरलंय का, पोरी? दिलं असतं तर तुझ्या तोंडावर सांगून दिलं असतं. कपाटाची किल्ली तुझ्याकडेच आहे. बघ जा."

कपाटातल्या स्टेरॉइडच्या कुप्या जागच्या जागी होत्या.

तावोंगा लायफोर्डच्या खाटेपाशी स्टुलावर बसली. इथे रोग्याजवळ घरचं माणूस राहतं. तेच शिजवतं, भरवतं, गोळ्या देतं. लायफोर्ड मोझांबिकहून चहामळ्यात आलेला, त्याचं कोणी नव्हतं. तावोंगाही देशाच्या पार उत्तरेकडची, इथे एकटीच. उद्या आपण आजारी पडलो तर कोण येईल, हा प्रश्न तिने पाच वर्षं टाळला होता.

लायफोर्डला शेजारच्या खाटेवरच्या वायसनची बायको एलिनेसी भरवायची. वायसनला क्षयाचा मेंदूज्वर. गेल्या आठवड्यात तो उठून बसला होता. तीन दिवसांपासून पुन्हा डोकं धरून ओकत होता.

तावोंगा कधी या खाटेकडे, कधी त्या खाटेकडे बघत राहिली.

"अमायी," इथल्या रीतीने तिला 'आई' म्हणत तावोंगाने विचारलं, "वायसनना गोळ्या कशा देता?"

"गिळवत नाही त्यांना. कुटून लापशीत घालते."

"सगळ्या?"

एलिनेसी पळी पुसू लागली.

"सांगा, अमायी. मी रागावणार नाही."

"पांढऱ्या अर्ध्याच. अर्ध्या याला." तिने लायफोर्डकडे हनुवटी वळवली. "दुखणं तेच, कण्हणं तेच. माझा माणूस त्या गोळ्यांनी उठून बसला. याला कोण आहे हो?"

काचिंग्वे मागे येऊन उभे होते. तावोंगा सावकाश बोलली, त्यांनाही ऐकू जाईल असं.

"दुखणं तेच नाही. पांढरी गोळी स्टेरॉइडची, ती सूज उतरवते. क्षयाच्या मेंदूज्वरात क्षयाच्या औषधांच्या जोडीला ती माणूस वाचवते. बुरशीच्या मेंदूज्वरात रोग्याला बरं वाटतं, पण शरीराचा पहारा ढिला पडतो आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. म्हणून याची भूक वाढली, साखर चढली, बुरशी मात्र हलेना. आणि वायसनना अर्धीच पोचली, म्हणून ते खालावले."

एलिनेसीने पळी खाली ठेवली. "दोघांनाही मीच मारत होते."

"आज कळलंय. दोघांनाही अजून वेळ आहे."

"नियमाप्रमाणे या बाईला बाहेर काढायला हवं," काचिंग्वे पुटपुटले.

"गोळ्या आजपासून परिचारिका देईल. लापशी याच भरवतील. दोघांना."

काचिंग्वे वायसनची नाडी बघू लागले. तावोंगा लायफोर्डकडे वळली.

"ती गोळी जहर कडू असते. तुम्हाला लागली नाही?"

"पहिल्या घासालाच लागली."

"मग बोलला का नाहीत?"

लायफोर्डने एलिनेसी जिथे असेल असं त्याला वाटलं तिकडे तोंड वळवलं.

"बोललो असतो, आणि उद्या ती आली नसती तर?"