पायरी आहे, सावकाश

"पायरी आहे, सावकाश!" असं मोठ्याने म्हणत मी त्याचं कोपर धरलं. मग वर पाहिलं. माणूस जेमतेम तिशीचा होता.

"मला दिसतं," तो म्हणाला. "ऐकूही बऱ्यापैकी येतं."

मी हात सोडला. मी वृद्धांसोबतचं समाजकार्य शिकत होते. वृद्धाश्रमातल्या फिल्डवर्कने हाताला ही सवय लावली होती.

तो सरांचा नातू निघाला. सर म्हणजे आश्रमातले निवृत्त शिक्षक. नातू दर रविवारी येऊ लागला. "आधी महिन्याने उगवायचा," सरांनी मला अगदी सहज सांगितलं.

कॉलेजातल्या आमच्या मॅडमचा नियम होता : फिल्डवर्क संपेपर्यंत आश्रमातल्या कुणाच्याही नातेवाइकाबरोबर बाहेर चहासुद्धा नको. नियम योग्यच होता. म्हणून आमचं बोलणं सरांच्या खोलीत, सरांच्या देखत.

शिष्यवृत्तीची मुलाखत जवळ आली. ती मिळाली नाही तर माझं शिक्षण इथेच थांबणार होतं. सरांनी रंगीत तालीम घेतली. स्वतः निवड समितीचे अध्यक्ष, नातू सदस्य.

"म्हातारी माणसंच का?" सदस्यांनी विचारलं.

"त्यांना सगळे विचारतात – जेवलात का, गोळी घेतलीत का. पुढच्या वर्षी काय करायचंय, हे कुणी विचारत नाही."

"मला पेटी शिकायचीय," अध्यक्ष म्हणाले.

सदस्य माझ्याकडे पाहत होते. "आणि तुम्हाला? पुढच्या वर्षी?"

"शिष्यवृत्ती..."

"आणि?"

कानाच्या पाळ्या तापल्या. "प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे."

"तूर्त," सर म्हणाले.

शिष्यवृत्ती मिळाली. दुसऱ्या शहरात, दोन वर्षं. आनंद झाला, आणि रविवार आठवला.

फिल्डवर्कच्या शेवटच्या दिवशी सह्या झाल्या, मॅडम गेल्या. मी दाराशी आले. तो बाहेर उभा होता.

"संपलं?"

"संपलं."

"मग आता विचारतो. चहा घेशील? आज... आणि तिकडून सुट्टीला येशील तेव्हा. दर सुट्टीला."

त्याने पहिल्यांदाच मला 'तू' म्हटलं होतं.

"दोन वर्षं लांब असेन," मी म्हणाले. "जाणार मी."

"जायलाच हवं. नाहीतर अध्यक्ष मला खोलीत घेणार नाहीत."

मी पाऊल उचललं. त्याने हलकेच माझं कोपर धरलं. "पायरी आहे. सावकाश."

"मला दिसते."

"माहीत आहे."

मी हात सोडवून घेतला नाही.

वरच्या खिडकीतून सरांचा आवाज आला, "मलाही ऐकू येतं बरं का! बऱ्यापैकी!"